दाद, फिर्याद आणि नोंद : हैदराबाद संस्थानातील अनुभवाचा धडा

आपल्या मराठवाड्याच्या बोलीत न्यायाचे जवळजवळ सगळे शब्द दरबारातून आलेले आहेत. दाद, फिर्याद, अर्ज, वकील, जामीन, मुचलका, फौजदारी, दिवाणी, तारीख, पेशी. फारसीत ‘दाद’ म्हणजेच न्याय. आपण मात्र ‘दाद लागली नाही’ असे म्हणतो तेव्हा त्या शब्दामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा एक सुस्कारा असतो. न्यायाचे शब्द घरात आले, पण न्याय दाराशी यायला फार वेळ लागला, ही या सीमाभागाची कहाणी आहे. ती मांडताना मला एकाच प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे. ज्या माणसाचा छळ एकदा होऊन थांबत नाही, जो दररोज, दरमहा, वर्षानुवर्षे चालतो, त्या माणसाला कायद्याने काय दिले?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक मेख आहे. कायद्याला घटना दिसते. अमुक दिवशी, अमुक जागी, अमक्याने काठी मारली, हे त्याला कळते. छळ मात्र एका घटनेत मावत नाही. रोज वाट अडवणे, रोज टोमणा मारणे, विहिरीवर पाळी न देणे, दर सुगीला ‘मागचे बाकी आहे’ म्हणून धान्य उचलून नेणे, यातली एकेक गोष्ट सुटी केली तर क्षुल्लक दिसते. सगळ्या मिळून मात्र माणसाचे जगणे मोडते. म्हणून छळाचा इतिहास लिहू लागलो की तो पाहता पाहता नोंदींचा इतिहास होतो. कोणी लिहून ठेवले, कोणाच्या वहीत लिहिले आणि ती वही कोणाच्या हाती राहिली?

सोळा जिल्ह्यांचे हैदराबाद संस्थान हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे. तेव्हाचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे त्यात होते. कागदावर पाहिले तर या संस्थानाची न्यायव्यवस्था मागासलेली नव्हती. मूसी नदीच्या काठावर हायकोर्टाची लाल दगडाची देखणी इमारत १९२० मध्ये उभी राहिली. त्याच सुमारास निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने न्यायखाते महसूल आणि अंमलबजावणीच्या खात्यापासून वेगळे करण्यात आले. ब्रिटिश हिंदुस्थानात कलेक्टरच दंडाधिकारीही असे. आपल्या देशात ही फारकत सर्वत्र पक्की व्हायला १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यावी लागली. म्हणजे या बाबतीत हैदराबाद अर्धशतक पुढे होते, असे म्हणावे लागते.

परंतु हे झाले कागदावरचे. राज्याची सुमारे चाळीस टक्के जमीन जहागिरींत आणि निजामाच्या खासगीत, म्हणजे सर्फ-ए-खासमध्ये होती. अनेक मोठ्या जहागिरींत पोलीस आणि कचेरी जहागीरदाराचीच. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच ओसरीवर ती द्यायची! शिवाय कारभाराची भाषा उर्दू. बिलोलीच्या किंवा देगलूरच्या कुणब्याला मराठी येई. हद्दीवरचा असेल तर तेलुगूही येई. पण त्याचे गाऱ्हाणे कागदावर उतरे ते अर्जनवीसाच्या हातून, परक्या भाषेत. आपण सांगितले तेच लिहिले गेले की नाही, हे त्याला वाचताही येत नसे. अंगठा मात्र त्याचा असे.

भगेल्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. कर्जापोटी सावकाराच्या किंवा देशमुखाच्या शेतावर राबणाऱ्या माणसाला तेलंगणात भगेला म्हणत. बापाचे कर्ज मुलावर येई आणि मुलगाही भगेला होई. या करारांना मर्यादा घालणारा कायदा संस्थानाने १९३६ मध्ये केला. कायदा चांगल्या हेतूने केलेला होता. पण किती दिले, किती फिटले, किती उरले, हे लिहिलेली वही कोणाकडे? धन्याकडे. भगेल्याकडे फक्त आठवण, आणि आठवणीवर कोर्ट चालत नाही. नोंद छळणाऱ्याच्या हाती असेल तर कायदा असूनही तो छळल्या जाणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा शहरातल्या शिकलेल्या माणसांनी घेतला. मराठी वकिलांची एक फळी त्या काळी हैदराबादेत उभी राहिली. तिच्यात अग्रभागी होते केशवराव कोरटकर. मूळचे वसमत भागातले केशवराव गुलबर्ग्यात वकिली करून हैदराबादला आले आणि पुढे हायकोर्टाचे न्यायाधीशही झाले. वामनराव नाईक, काशीनाथराव वैद्य ही त्यांच्या आगेमागची नावे. या मंडळींचा कायद्यावर विश्वास होता. सभा भरवावी, ठराव करावा, अर्ज करावा, तो सनदशीर मार्गाने वर पाठवावा, ही त्यांची रीत. आज ती कोणाला मवाळ वाटेल. पण आपले दुःख नीट शब्दांत, तारखेसह मांडायची शिस्त समाजाला त्यांनीच लावली, हे विसरता कामा नये.

या शिस्तीला राज्यकर्त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे ‘गश्ती निशान ५३’. गश्ती म्हणजे परिपत्रक. १९२९ च्या या परिपत्रकाने सभा घ्यायची तर आधी परवानगी मिळवणे आवश्यक झाले. वाचनालयाचा वार्षिक समारंभ असो की धर्मसभा, अधिकाऱ्याच्या होकाराशिवाय काही करता येईना. येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. गश्ती म्हणजे शिक्षा नव्हे. तिने कोणाला फटके मारले नाहीत. तिने फक्त दर वेळी विचारायला लावले, दर वेळी ताटकळत ठेवले. अशा छळाविरुद्ध कोर्टात जाऊन सांगायचे काय? ‘मला मारले’ असे सांगता येते. ‘मला रोज थांबवून ठेवतात’ हे कोणत्या कलमात बसवायचे? हायकोर्टाची इमारत होती, न्यायाधीश विद्वान होते, पण राज्याच्या हुकमालाच आव्हान देता येईल असा मूलभूत हक्क प्रजेला नव्हता.

परिणाम असा झाला की हैदराबादच्या प्रजेला आपले गाऱ्हाणे हैदराबादबाहेर जाऊन सांगावे लागले. संस्थानाची राजकीय परिषद १९२३ मध्ये काकिनाड्याला भरली. नंतरच्या परिषदा १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९३१ मध्ये अकोल्याला. घरातले भांडण शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन सांगावे, तसाच हा प्रकार. १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर ती नीट स्थापन होण्याआधीच बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि गोविंदराव नानल, स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारख्यांनी तुरुंगाची वाट धरली. अर्जाचा मार्ग संपला तेथे सत्याग्रहाचा सुरू झाला. तरीही सत्याग्रही आपली नावे आणि आपल्या मागण्या आधी जाहीर करीत. म्हणजे तीही एक नोंदच होती, फक्त आता ती शाईने न होता शरीराने होत होती.

१९४७-४८ चे वर्ष मराठवाड्यात अजून घराघरांत सांगितले जाते. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. वकिलीचे शिक्षण घेतलेला माणूस झुंडीचे राज्य उभे करतो, तेव्हा नुसते कायद्याचे ज्ञान माणसाला न्यायी करीत नाही, हे कळते. याच्या उलट बाजूला केशवरावांचे चिरंजीव, बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार. त्यांच्या पुढाकाराने वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार टाकला. ज्यांची भाकरी कोर्टावर, त्यांनीच कोर्टाची पायरी सोडली. पायरी चढून काही उपयोग उरला नाही, याची यापेक्षा स्पष्ट कबुली दुसरी कोणती असणार? आणि ऑगस्ट १९४८ मध्ये ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. ते मुसलमान होते आणि भारतात विलीन व्हावे असे लिहीत होते. नोंद करणारा हातच मारेकऱ्यांना नकोसा झाला होता.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला संपली. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि तो करावाच. पण इतिहासाच्या शिक्षकाला तेथेच थांबता येत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत सूडाचा वणवा पेटला आणि ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता असे असंख्य मुसलमान त्यात होरपळले. भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीसाठी पाठवले. नोव्हेंबरअखेरीपासून तीनेक आठवडे ते नऊ जिल्ह्यांत हिंडले. मृतांचा आकडा किमान सत्तावीस ते चाळीस हजार असावा, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावे दिली. म्हणजे आपलेच जिल्हे. तो अहवाल तेव्हा प्रसिद्ध झाला नाही. तो सर्वसामान्यांना पाहायला मिळायला २०१३ साल उजाडले.

पासष्ट वर्षे! या काळात किती विधवा म्हाताऱ्या होऊन गेल्या असतील, याचा हिशेब कोण करणार? रझाकारांचे अत्याचार आपण नोंदवले, पोवाड्यांत गायले, शाळांतून शिकवले. ते योग्यच झाले. पण दुसऱ्या बाजूच्या दुःखाची नोंद कपाटात राहिली आणि ज्याची नोंद नाही त्याची दादही नाही. गावागावांत एक गप्पपणा साचून राहिला. छळाची नोंद माणूस पाहून करायची नसते, हे या भागातल्या आपण सर्वांनी ध्यानात घ्यायला हवे.

२६ जानेवारी १९५० ला चित्र बदलले. अनुच्छेद ३२ आणि २२६ यांच्यामुळे सरकारच्या हुकमाविरुद्धही न्यायालयात दाद मागता येऊ लागली. गश्ती ५३ च्या वेळी नेमकी हीच वाट नव्हती. १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंडसंहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबादलाही लागू झाल्या. या नव्या दाराचा उपयोग कोणी करावा? खुद्द कासीम रझवीने केला. बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात विशेष न्यायाधिकरणाने त्याला शिक्षा दिली, तेव्हा ‘मला समानतेच्या हक्काप्रमाणे वागवले नाही’ म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५३ मध्ये न्यायालयाने बहुमताने त्याचे म्हणणे फेटाळले. पण ते ऐकून घेतले, आणि दोन न्यायमूर्तींनी वेगळे मतही नोंदवले. ज्याने हजारोंना दाद मिळू दिली नाही, त्यालाही दाद मागण्याचा हक्क देणे, यातच नव्या राज्याचे मोठेपण होते. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री, दिगंबरराव बिंदू गृहमंत्री आणि काशीनाथराव वैद्य विधानसभेचे सभापती झाले. तिघेही वकील. अर्ज लिहिणारे हात आता अर्जांवर शेरे मारू लागले.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. वाटा वेगळ्या झाल्या तरी प्रश्न दोन्हीकडे सारखेच राहिले. त्यांतला एक मोठा प्रश्न स्त्रियांच्या छळाचा. १९७८ च्या मार्चमध्ये हैदराबादेत पोलीस कोठडीत एका गरीब मुसलमान स्त्रीवर अत्याचार झाला आणि तिचा रिक्षाचालक पती मरण पावला. शहर पेटले. न्यायमूर्ती मुक्तदर यांच्या आयोगाने पोलिसांना दोषी ठरवले. पण खटला कर्नाटकात रायचूरला चालला आणि आरोपी सुटले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यातल्या देसाईगंजच्या एका आदिवासी मुलीच्या खटल्यात दोन पोलिसांना निर्दोष सोडले. ती घटना १९७२ ची. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, म्हणजे तोही सीमाभागच. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या मुद्द्याला निकालात मोठे वजन मिळाले. याविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. केशवरावांच्या पिढीची अर्ज लिहिण्याची विद्या अशी पुन्हा कामी आली.

त्याच वर्षाच्या अखेरीस दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले. पती आणि सासरच्यांकडून होणारा मानसिक आणि शारीरिक छळ हा गुन्हा ठरला. माझ्या मते कायद्याच्या इतिहासातले हे वळण फार महत्त्वाचे आहे, कारण एका घटनेऐवजी वागणुकीची साखळी येथे कायद्याला दिसू लागली. पुढचे टप्पे याच दिशेचे. १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. त्याच २०१३ मध्ये दंडसंहितेत ३५४-ड आले. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार तिचा पाठलाग करणे, वारंवार संपर्क साधणे हा त्यात गुन्हा झाला. ‘वारंवार’ हा शब्द कायद्यात यायला इतकी वर्षे लागली! २०१४ च्या ऑक्टोबरात तेलंगणा सरकारने हैदराबादेत ‘शी टीम्स’ सुरू केल्या. साध्या वेशातले पोलीस बसथांब्यांवर, बाजारात उभे राहून छेड काढणाऱ्यांना पकडतात आणि पुरावा म्हणून चित्रण ठेवतात. येथेही मुख्य हत्यार नोंदीचेच.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पाठलागाचे कलम आता ७८ आणि सासरच्या छळाचे ८५. प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, मग घटना कोणत्याही हद्दीतली असो. मोबाइलवरून दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते आणि ती मागून घ्यावीच. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने कळवावे; तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. शेजारी किंवा भाऊबंद सतत धमकावत असेल तर कलम १२६ खाली शांतता राखण्याचा मुचलका त्याच्याकडून लिहून घेता येतो. घरात छळ होत असेल तर दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षणाचा आदेश मिळतो. वकील परवडत नाही, हे कारण आता उरलेले नाही. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. एक सावधगिरी मात्र ठेवावी. एक वर्षाहून जास्त पण तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत तीन वर्षांच्या आत दाद मागावी लागते. ‘पाहू पुढे’ म्हणत बसले तर ही मुदत निघून जाते.

मुख्याध्यापक म्हणून काम करताना असे पालक भेटतात जे म्हणतात, ‘गुर्जी, पोरीला आता शाळेतून काढतो.’ विचारले तर कळते की बसथांब्यावर दोघे-चौघे रोज मागे लागतात. एका बापाला चौकीवर विचारले गेले, ‘नेमके झाले काय?’ तो गप्प झाला, कारण ‘नेमके’ असे काही झालेच नव्हते. रोज थोडे थोडे झाले होते. मी त्या मुलीला एक दुरेघी वही दिली आणि सांगितले, ‘बाई, दररोज लिही. तारीख, वेळ, जागा, कोण होते, काय बोलले, कोणी पाहिले.’ तीन आठवड्यांनी बापाने ती वही चौकीत ठेवली. या वेळी त्याला कोणी काही विचारले नाही. फिर्याद लिहून घेतली. मुलगी शाळेत राहिली.

यात शूरपणाचे काही नाही. पण हैदराबाद संस्थानातल्या भगेल्याला अशी वही मिळाली असती तर? त्याला अक्षरे यायची नाहीत, हाच त्याच्या धन्याचा खरा बंदोबस्त होता. आज आपल्या सीमाभागात साक्षरता वाढली, शाळा वाड्या-तांड्यांवर पोहोचल्या. हायकोर्टही जवळ आले. पूर्वी नांदेडच्या माणसाला हैदराबादला, नंतर मुंबईला जावे लागे. १९८१ पासून औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ आहे. दार जवळ आले, उघडे झाले, त्यावर आपल्या भाषेत पाटीही लागली. आता राहिली ती फक्त पहिली ओळ लिहिण्याची हिंमत. ती कायदा देत नाही. ती घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, शिक्षकांनी द्यायची असते.